बाई की पेटी

उचगाव, ५ जून

शिवकुमार यांस,

वर नमस्कार घातलेला नाही. विसरलेली नाही.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या स्पीकर कारखान्याच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, खाली सही, सहीवर शिक्का. आक्काने ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "तंगी, कोटेशन आलंय व्हय गं?" धाकट्या बहिणीची पंचावन्नी उलटली तरी ती तंगीच म्हणते. मी मान हलवली.

मी घर सोडल्यापासून तुम्ही एकदाही हायवे ओलांडून इकडे आला नाहीत. पत्र मात्र कुरिअरने आलं.

सप्टेंबरात 'बाई की पेटी' पुन्हा घ्यायची म्हणता, आणि निम्मं पत्र ती म्हणजे काय, हे मला समजावण्यात गेलं आहे. पडदा लावायचा. पडद्यामागे स्पीकरची पेटी ठेवायची आणि शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसवायची. बाईने एक मजकूर वाचायचा. तोच मजकूर, त्याच बाईचा, आधी टेप केलेला, पेटीतून लावायचा. आळीपाळीने. समोर बसलेल्यांनी प्रत्येक पाळीला चिठ्ठीवर लिहायचं, बाई की पेटी. लोकांनी पेटीला बाई समजलं तर पेटी पास.

ती बाई मी होते, शिवकुमार. ज्या चाचणीने तुमचं नाव सांगली-बेळगावपर्यंत गेलं, तिच्यात पडद्यामागे मी बसले होते. मला कशाला सांगता?

मजकुराची झेरॉक्सही जोडली आहे. प्रेशर कुकर वापरण्याच्या सूचना. "झाकण लावण्यापूर्वी शिट्टीचे छिद्र स्वच्छ असल्याची खात्री करावी." लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही हा मजकूर निवडलात, कारण त्यात श आणि स भरपूर आहेत आणि भावना नाही. कविता वाचू का, असं मी विचारलं होतं. "कविता लावली की लोक कविता ऐकतात," तुम्ही म्हणालात. "आवाज ऐकत नाहीत." मी नवी होते. मला ते वाक्य खोल वाटलं.

पत्राच्या शेवटी आहे, "तुझ्याशिवाय होत नाही."

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. मुलींनी असं वाक्य लिहिलं की मी खाली लाल रेघ मारायची. काय होत नाही? चाचणी होत नाही, की तुमचं? कर्ता कोण?

कळवा. हाताने लिहून. फोन करू नका, तो मी बंद ठेवला आहे.

शांभवी

उचगाव, २४ जून

शिवकुमार यांस,

पत्र हाताने लिहिलंत. प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. उत्तराऐवजी उदयसिंहला पाठवलंत.

मला वाटलं होतं, भागीदारी मोडल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही. बघता तर. तो नवी गाडी घेऊन आला. दारात उभी केली, आतलं गाणं मोठं ठेवलं आणि मग उतरला. आक्काच्या म्हशीने दावं ओढलं.

"वैनी," तो फाटकातूनच ओरडला, "तुमी तरी सांगा ह्येला. मी सांगून दमलो. स्पीकर लावला की शेजारी दारात आला पायजे. ह्येचा लावला की घरचीबी झोपत्यात!"

मी हसले. तो पायरीवर बसला.

"हलगी घ्या. मैदानात हलगी कडाडली की पैलवानाच्या अंगावर काटा येतोय का न्हाय? माज्या पेटीत लावा, तुमच्याबी अंगावर येईल. ह्येच्या पेटीत लावली की वाटतंय, आतल्या खोलीत कोण तरी पापड मोडतंय. अळणी, वैनी! सगळं अळणी! आन वर मलाच म्हणतोय, मीठ गाणाऱ्यानं घालायचं, पेटीनं न्हाय."

मी पुन्हा हसले.

"बोलत का न्हाईसा?"

"मौन हाय तिचं," आक्का आतून म्हणाली.

"कुठल्या देवाचं?"

"तुला काय करायचंय? च्या घे."

"किती दिवस चालायचं?"

"साकु होईस्तोवर." साकु म्हणजे पुरे, एवढं कानडी त्याला कळतं. तो चहा फुंकत बसला. फुंकतोही मोठ्याने.

पैज त्यानेच सांगितली. तुमची पेटी पास झाली तर तो ती आपल्या शोरूमच्या दर्शनी काचेत ठेवणार. नापास झाली तर तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं की स्पीकरात झणका लागतो. तुम्ही कबूल केलंत म्हणे. साठीला आलेली दोन माणसं.

उदयसिंहच्या पेट्या मी ऐकल्या आहेत. त्यांत प्रत्येक गवई पैलवान होतो आणि प्रत्येक बाई विमानतळावरची घोषणा. सुरुवातीला बरं वाटतं, मग डोकं दुखतं. त्याचं गिऱ्हाईक डोकं दुखायच्या आत पेटी गाडीत घालून गेलेलं असतं. साखर कारखान्याचे ते संचालक आठवतात? पेटीवर तळहात ठेवून ऐकायचे. हादरली तर चांगली. गाभण म्हैस तपासावी तसे. आणि ताराबाई पार्कातले डॉक्टर. ते गाणं लावतच नसत. काच फुटल्याचा आवाज लावायचे, पुन्हा पुन्हा, आणि आपल्याकडे वळून विचारायचे, "तुकडे वेगवेगळे ऐकू येतात ना?"

या लोकांना ऐकायचं नसतं. त्यांना काहीतरी व्हायला हवं असतं.

तेव्हा पेटीच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. गवयाला सर्दी झाली असेल तर पेटीतून सर्दी ऐकू आली पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. ते बरोबर होतं. तुमचं बरोबर असलेलं मी बरोबर म्हणते. माझी तक्रार त्याबद्दल कधीच नव्हती.

उदयसिंह जाताना हात जोडून म्हणाला, "वैनी, देवाला सांगून ठेवा. सप्टेंबरात बोलायचं हाय."

शांभवी

उचगाव, ११ जुलै

शिवकुमार यांस,

रिहर्सल कधी, हा प्रश्न तुमच्या एका पानात तीन वेळा आला आहे. रिहर्सल होणार नाही. मजकूर मला पाठ आहे. झोपेत विचारलं तरी सांगेन, रबरी रिंग धुऊन सावलीत वाळवावी.

टेप नवी करू या का, असं मात्र तुम्ही विचारलं नाहीत. उलट लिहिता, "जुनीच वापरू. तुझा आवाज बदलणारा नाही." टेपेवरची बाई पंचविशीतली आहे.

दुसरं कळवायचं आहे. मार्चमध्ये माझ्या मानेतली गाठ काढली. थायरॉइडची होती. साधी निघाली. पूर्णिमा पुण्याहून आली होती, आदर्शही. आदर्श दवाखान्यात फरशीवर झोपायचा. तुमच्या मुलीचा नवरा. नाव लक्षात नसेल म्हणून लिहिते. तुम्हाला कळवू नका, असं मीच सांगितलं होतं. त्या दोघांना बोल लावू नका.

जखम भरली. व्रण पदराखाली जातो. गळ्यातली एक नस दुखावली आहे, डॉक्टर म्हणाले. भरून येईल, नाहीतर अशीच राहील. ही दोन्ही वाक्यं त्यांना एकाच सुरात म्हणता येतात. तुमचा आणि त्यांचा परिचय व्हायला हवा.

गेल्या आठवड्यात आक्का मळ्यात गेली होती. गॅसवाल्याने बाहेरून हाक मारली. मी आतून म्हटलं, "ठेवा तिथंच." तो म्हणाला, "काका, पुस्तक द्या की." मी पुस्तक घेऊन बाहेर आले. तो माझ्याकडे बघून माझ्या मागे बघायला लागला, काका कुठे आहेत म्हणून.

हे मी तुम्हाला का सांगते, ते तुमचं तुम्हाला कळायला हवं. तुम्ही कानावर जगता.

शांभवी

उचगाव, २ ऑगस्ट

शिवकुमार यांस,

तुमचं उत्तर आलं. "प्रकृतीची काळजी घेणे. राजारामपुरीतला हॉल नक्की झाला. मागच्या वेळचा पडदा जाड होता, आवाज खायचा. या वेळी विरळ सुती घेतला आहे. रंग काळा, म्हणजे आतलं दिसणार नाही. शिवायला टाकला आहे."

गाठीबद्दल तीन शब्द. उरलेलं सगळं पडद्याबद्दल. गॅसवाल्याबद्दल काही नाही.

पत्रकही पाठवलंत. वर मोठ्या अक्षरांत, "तटस्थ ध्वनी." हा शब्द मी दिला. तुम्ही गिऱ्हाइकांना न्यूट्रल न्यूट्रल सांगत होतात आणि ती गाडीचा गिअर समजत होती. जयसिंगपूरच्या एकाने तर विचारलं होतं, "मग चालू कधी हुतोय?" मी म्हटलं, तटस्थ म्हणा. तटावर उभा असलेला. पाणी जसं आहे तसं जाऊ देतो, आपलं काही त्यात मिसळत नाही. पेटीला शोभणारा शब्द होता.

आपल्या घरातल्या बैठकीत तुम्ही तो स्वतःला लावलात.

पूर्णिमा आदर्शचं नाव सांगून समोर उभी होती. तुमचे काका, माझे मामा, मठाकडचे ते दोघे. मराठ्यांचा मुलगा आपल्यात कसा, आपली मुलगी त्यांच्यात कशी, सकाळपासून एवढंच चाललं होतं. आदर्शचे वडील बाहेर रिक्षात बसून होते. त्यांना आत या म्हणायला कुणी उठलं नाही. मी उठले तर मामांनी हाताने बसवलं. शेवटी काकांनी विचारलं, "शिवा, तू बाप हाईस. तुझं काय म्हणणं?" पूर्णिमाने तुमच्याकडे पाहिलं.

तुम्ही म्हणालात, "मी तटस्थ आहे."

कुणीतरी "वा" म्हणालं.

त्या खोलीतल्या दुसऱ्या कुणाचाही मला तेवढा तिटकारा आला नाही. ते ओरडत होते. चुकीचं ओरडत होते. पण समोर एक मुलगी उभी आहे, हे त्यांना दिसत होतं. तुम्ही गाणं संपल्यावर बसता तसे बसला होतात. मग पूर्णिमाने कचेरीत लग्न केलं, सहीला मी गेले, आणि त्याच आठवड्यात आक्काकडे आले. का, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "टेपा कुठे ठेवल्यास?"

पूर आला की पंचगंगेच्या पुलावर बघ्यांची गर्दी होते. तेही तटस्थच असतात. भज्याची गाडी लागते त्यांच्यासाठी.

पेटीने तटस्थ असावं, ते तिचं काम आहे. तुम्हाला ते काम कुणी दिलं नव्हतं.

मी चाचणीला येणार आहे. अटी अशा. आधी मला भेटायचं नाही. मी आक्काबरोबर मागच्या दाराने येईन आणि खुर्चीवर बसेन. मध्ये कुणी माझ्याशी बोलायचं नाही. सगळं संपलं की तुम्ही पडद्यामागे यायचं. तेव्हा माझ्याशी जे पहिलं वाक्य बोलाल, त्यावरून मी घरी यायचं की नाही ते ठरवीन.

आक्का याला पोरखेळ म्हणते. असेल. पण मला घरी यायचंच नाही, असं नाही. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला.

शांभवी

उचगाव, २० ऑगस्ट

शिवकुमार यांस,

"अटी मान्य. वेळेवर येणे." एवढंच आलं. येईन.

वाक्य आधी तयार करून ठेवू नका. तुमच्याकडून पाठ केलेलं ऐकण्यापेक्षा मी कुकरच्या सूचना ऐकेन.

आक्काने माझ्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला आहे. रोज सकाळी म्हणते, "आज बरा हाय की गं आवाज." आक्काची पेटी तटस्थ नाही.

शांभवी

उचगाव, २३ सप्टेंबर

शिवकुमार यांस,

तुम्ही बहुतेक वेळ पडद्याच्या पुढे होतात. मागे काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून लिहिते.

पहिली पाळी पेटीची होती. हाताच्या अंतरावर ती बोलायला लागली. "झाकण लावण्यापूर्वी." मी वळून बघितलं. पेटीकडे बघावं तसं नाही, कुणी शेजारी येऊन बसलं की आपण बघतो तसं. लग्नाच्या पहिल्या वर्षातली बाई होती ती. पुढे पुष्कळ चांगलं होणार आहे, असं तिला वाटत होतं, आणि ते रबरी रिंगबद्दल बोलतानाही ऐकू येत होतं. तुम्ही म्हणाला होतात, मजकुरात भावना नाही. इतकी होती की मला लाज वाटली. तुमच्या पेटीने त्यात काही घातलं नाही आणि त्यातलं काही खाल्लं नाही. उदयसिंहच्या पेटीत ती नटी झाली असती. तुमची पेटी खरोखर चांगली आहे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

मग माझ्यासमोरचा तांबडा दिवा लागला आणि मी वाचायला लागले. "झाकण लावण्यापूर्वी शिट्टीचे छिद्र स्वच्छ असल्याची." पातेलं खरवडल्यासारखं आलं. शिट्टीतला श आलाच नाही, नुसती हवा आली. पडद्यापलीकडे खुर्च्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "फाटतोय." दुसरं कुणी म्हणालं, "पेटी गेली राव." मग उदयसिंह. त्याचा आवाज ओळखायला चाचणी लागत नाही.

"शिवकुमार, आतला बारका स्पीकर गेला की रं तुझा! आधी नुसती अळणी होती, आता फाटकीबी!"

हॉल हसला. मी सूचना पुऱ्या केल्या. दिवा विझला.

तुम्ही पडदा सारून आत आलात. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही मला तळहात दाखवलात, चौकातला पोलीस दाखवतो तसा, आणि पेटीमागे गुडघ्यांवर बसलात. तारा काढल्यात. टोकांवर फुंकर मारलीत. पुन्हा बसवल्यात. बारक्या स्पीकरला कान लावलात आणि बोटाने हलकेच टकटक केलंत. मी तुम्हाला एवढ्या जवळून बऱ्याच दिवसांनी बघत होते. मानेवरचे केस पांढरे झाले आहेत. कॉलर उसवली आहे. पेटीला तुम्ही किती हळू हात लावता.

मग उठून बाहेर गेलात. माझ्याशी वाक्य झालं नव्हतं, म्हणून मी ते धरलं नाही.

उरलेल्या सगळ्या पाळ्या मी वाचल्या. मजकूर बदलला नाही, घाई केली नाही. प्रत्येक वेळी पलीकडे तीच कुजबुज. पेटीची पाळी आली की शांतता. कुणीतरी एकदा म्हणालं, "बाईचा गळा बघा, कसा राहिलाय!"

चिठ्ठ्या गोळा झाल्या. तुम्ही पुन्हा आत आलात आणि सरळ पेटीकडे गेलात.

मी म्हटलं, "तिला काही झालेलं नाही. ती मी होते."

आवाज जिकडून आला असं तुम्हाला वाटलं, तिकडे तुम्ही बघितलं. म्हणजे पेटीकडे. मग माझ्याकडे. मग माझ्या मानेकडे, पदर सरकला होता तिथे. तुम्हाला कळलं. कळलेलं तुमच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, ते मी नाकारत नाही. तुमचं तोंड उघडलं. मी वाट बघितली.

बाहेर माइकवर निकाल सांगायला लागले. पेटीच्या प्रत्येक पाळीला सगळ्यांनी लिहिलं होतं, बाई. बाईच्या प्रत्येक पाळीला सगळ्यांनी लिहिलं होतं, पेटी. तळहातवाल्यांनी, काचवाल्यांनी. उदयसिंहनेही. माइकवाला म्हणाला, असा निकाल कोल्हापुरात आजवर लागलेला नाही. टाळ्या पडल्या. दोन आवाज वेगळे आहेत, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं होतं. जिवंत कुठला, एवढंच उलटं कळलं. त्याला ते पास म्हणत होते.

तुम्ही टाळ्या ऐकल्यात. तोंड मिटलंत. पडद्याकडे पाहिलंत. आणि मग बोललात.

"बाहेर कुणाशी बोलू नको आता."

आक्का पडद्याच्या कडेला उभी होती. तिने माझी पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल तंगी. साकु."

तुमच्या गळ्यात हार पडत होता तेव्हा आम्ही कोपऱ्यावर रिक्षा शोधत होतो. रिक्षावाल्याने विचारलं, कुठं जायचं. आक्काने सांगितलं.

शांभवी

उचगाव, ८ ऑक्टोबर

शिवकुमार यांस,

तुमचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, शिक्का नसलेलं. एवढी प्रगती मान्य.

तुम्ही लिहिता, "बोलू नको असं मी तुझ्या घशाला विश्रांती मिळावी म्हणून म्हटलं." वाक्य होतं, "बाहेर कुणाशी बोलू नको आता." 'बाहेर', 'कुणाशी' आणि 'आता' हे तीन शब्द तुम्ही पत्रात गाळले आहेत. घसा आतही दुखतो. तुमच्याशी बोलतानाही दुखतो. तिन्ही शब्दांना विश्रांतीशी काही देणंघेणं नाही. तुमची पेटी कधी शब्द गाळत नाही.

पुढे लिहिता, घरी ये, आपण नव्या आवाजाचीही टेप करू, घोगऱ्या आवाजाची चाचणी जास्त अवघड असते, ती अजून कुणी केलेली नाही. हे वाचून मी हसले. हसू आता खोकल्यासारखं येतं. आक्का पाणी घेऊन धावली.

उदयसिंह येऊन गेला. त्याला आक्काने सांगितलं, मी नाही.

"वैनी, मी फाटकी म्हटलो," तो पायरीवरूनच ओरडायला लागला. "भर हॉलात म्हटलो! चप्पल काढा आन हाणा मला. थोरली वैनी, तुमी हाणा!"

"म्हातारीला कशाला कामाला लावतोस?" आक्का म्हणाली. "वर ये, बस."

मी काहीतरी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. तो पायरीवरून उठून माझ्या शेजारी येऊन बसला, कानामागे हात धरून. मी विचारलं होतं, पेटी काचेत ठेवलीस का.

"ठेवली की! पैज म्हंजे पैज." शेजारी बसूनही तो ओरडतच होता. "लोक येत्यात, ऐकत्यात, वा वा म्हणत्यात, आन माजी घिऊन जात्यात. काय करू?"

जाताना म्हणाला, "खरं सांगू वैनी? मला काय कळलं न्हाय त्या दिवशी. मी आपला आवाजच ऐकत बसलो." त्याने निदान हे सांगितलं. त्याच्याविषयी माझं मत त्यामुळे फार बदललेलं नाही.

निकालाबद्दल मी कुणाला काही सांगणार नाही. आक्कालाही आता गप्प केलं आहे. तुमच्या विनंतीमुळे नाही. पेटी पासच होती. हार तिचा होता, तिच्या गळ्यात पडला नाही एवढंच.

मी घरी येणार नाही. पंधरा-वीस दिवसांनी राग जाईल, असं तुम्ही लिहिलं आहे. राग नाही. राग असता तर मी त्या हॉलमध्ये पडदा ओढला असता. खुर्चीवर बसून मी फक्त एक वाक्य ऐकायला आले होते. ते मला नीट ऐकू आलं.

टेपा तुमच्याकडे राहू द्या. टेपेवरची बाई तुमच्याकडे राहायला तयार होती.

तुम्हाला यापुढे मला काही सांगायचं असेल, किंवा विचारायचं असेल, तर पत्र लिहू नका. इकडे या. आक्का आत घेईल, चहाही देईल, बोलेल मात्र लागेल असं, ते सोसा. माइक किंवा टेप आणू नका. माझा आवाज आता ओसरीवरून अंगणापर्यंत जात नाही. ज्याला ऐकायचं असेल त्याला शेजारी येऊन बसावं लागतं.

शांभवी